कॉलेजांतील मुलगी कोणाच्या पदरीं?

संसार मोडला म्हणजे त्यांतील वस्तूंची वांटणी होते. भांडींकुंडीं, मोटार, बँकेंतील शिल्लक, राहतें घर, यांपैकीं ज्याचे दोन भाग होतात त्याचे दोन भाग करतात आणि ज्याचे होत नाहींत त्याची किंमत ठरवून पैशानें वांटणी पुरी करतात. मूल मात्र वांटतां येत नाहीं. आठवड्याचे वार वांटतां येतात, सुट्या वांटतां येतात, दिवाळी एकाकडे आणि नाताळ दुसऱ्याकडे असें ठरवितां येतें. पण मूल एकच राहतें. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ही साधी गोष्ट दरवर्षीं एका कागदावर येऊन उभी राहते. तो कागद म्हणजे प्राप्तीवरील कराचें विवरणपत्र. त्यांत ‘आश्रित’ व्यक्तींचीं नांवें लिहावयाची एक जागा असते, आणि एका मुलाचें नांव एका वर्षीं एकाच विवरणपत्रांत आश्रित म्हणून लिहितां येतें. आईबापांची फारकत झालेली असली तर तें नांव कोणीं लिहावयाचें?

मूल लहान असतें तोंवर या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें बरेंच सरळ करून ठेविलें आहे. मूल मोठें होऊन कॉलेजांत जाऊं लागलें म्हणजे मात्र तें उत्तर बदलतें. आणि तें बदललें आहे याची पुष्कळ आईबापांना वार्ताही नसते.

प्रश्न परक्या देशाच्या कायद्याचा असला तरी मराठी घरांना तो आतां अगदींच परका राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुलगे, मुली, भाचे, पुतणे तिकडे संसार थाटून राहिले आहेत, आणि संसार म्हटला म्हणजे तो क्वचित् मोडतोही. अशा वेळीं इकडच्या वडील माणसांना सल्ला विचारला जातो, आणि ‘जो फी भरतो त्याचा हक्क’ किंवा ‘कोर्टानें लिहून दिलें आहे ना, मग झालें तर!’ असें उत्तर सहज तोंडून निघून जातें. हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. तीं कां चुकीचीं आहेत हें एका कल्पित उदाहरणानें चांगलें समजेल.

समजा, कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या एका जोडप्यानें २०१५ सालीं घटस्फोट घेतला. मुलगी त्या वेळीं दहा वर्षांची होती. कोर्टाच्या हुकूमनाम्यांत असें ठरलें कीं, मुलीनें आईजवळ रहावें, सुटीचे कांहीं दिवस बापाकडे जावें, आणि करासाठीं विषम वर्षीं आईनें व सम वर्षीं बापानें तिला आश्रित म्हणून दाखवावें. आईनें त्याच वेळीं ८३३२ क्रमांकाच्या सरकारी फॉर्मवर पुढील सर्व सम वर्षांसाठीं सही करून तो बापाच्या हवालीं केला. २०१६, २०१८, २०२० आणि २०२२ या चारही वर्षीं बापानें तो कागद जोडला व चारही वेळां सर्व कांहीं सुरळीत पार पडलें. मग मुलगी कॉलेजांत गेली. २०२४ सालची सगळी फी बापानें भरली. एप्रिल २०२५ मध्यें, १५ तारखेची मुदत संपण्याच्या आंत, त्यानें नेहमींप्रमाणें मुलीचें नांव लिहून विवरणपत्र रवाना केलें. पण तें कर-खात्याच्या यंत्रानें परत फिरविलें. मुलीचा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तरी पत्रकांत अगोदरच येऊन गेला होता. तें पत्रक आईचें होतें.

बापाच्या दृष्टीनें हा उघड विश्वासघात होता. हुकूमनामा त्याच्या बाजूचा, वर्ष त्याच्या वांट्याचें, आईची सही त्याच्या टेबलाच्या खणांत, आणि फीच्या पावत्याही त्याच्याच नांवच्या! आईनें मात्र कर-सल्लागाराला विचारून नांव लिहिलें होतें, आणि कर-खात्याचा कायदा तिच्या बाजूचा होता. त्या आठवड्यांत दोघांचेही टेलिफोन गेले ते वसतिगृहांत परीक्षेचा अभ्यास करीत बसलेल्या मुलीला.

हा पेंच कसा पडला हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. अमेरिकेंत आजचा प्राप्तीवरील कर १९१३ सालीं सुरू झाला. १९१७ सालीं महायुद्धाच्या खर्चासाठीं तो वाढवितांना प्रत्येक आश्रित मुलामागें २०० डॉलरांची मोकळीक देण्यांत आली. कल्पना सरळ होती. ज्याच्या पदरीं खाणारीं तोंडें अधिक, त्याची कर देण्याची ताकद तितकी कमी. आईबाप एका छपराखालीं रहात होते तोंवर ‘पदरीं’ म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न फारसा निघत नसे. घटस्फोट वाढले तसा तो निघूं लागला. तेव्हां उत्तर पैशाच्या मापानें देत असत. मुलाच्या पोषणाचा अधिक खर्च ज्यानें केला असेल, त्याचें तें मूल. परंतु खर्च कोणाचा अधिक हें ठरविणार कोण? दोन्ही पक्ष पावत्यांचे गठ्ठे घेऊन येत, आणि बूट कोणीं घेतले, दांतांच्या डॉक्टरचें बिल कोणीं दिलें, याचा निवाडा कर-खात्याला करीत बसावें लागे. १९६७ सालीं ठराविक रकमांचे नियम करून पाहिले. तरीही भांडण मिटलें नाहीं.

शेवटीं १९८४ च्या कायद्यानें माप बदललें. पैसे मोजणें सोडून देऊन कायद्यानें ताबा पाहिला. मूल ज्या पालकाच्या ताब्यांत असेल त्याचा हक्क. आणि त्या पालकानें आपण होऊन लिहून दिलें तरच तो दुसऱ्यास मिळावयाचा. हें लिहून देण्याचा कागद म्हणजेच तो ८३३२ क्रमांकाचा फॉर्म. १९८६ च्या कायद्यानें पांच वर्षांवरील प्रत्येक आश्रिताचा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक लिहिणें सक्तीचें केलें. त्याबरोबर १९८७ च्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख आश्रित एकाएकीं नाहींसे झाले! त्यांतील कांहीं मुळांत जन्मासच आले नव्हते; आणि कांहीं मुलें अशीं होतीं कीं, तीं आईच्या पत्रकांतही होतीं आणि बापाच्याही. पुढें २००४ च्या कायद्यानें कराच्या निरनिराळ्या कलमांतील ‘मूल’ या शब्दाची व्याख्या एक केली, आणि २००५ पासून तीच चालू आहे.

त्या व्याख्येप्रमाणें ‘पात्र मूल’ ठरण्यास पांच कसोट्या लागतात. पहिली नात्याची. दुसरी वयाची: वर्षअखेर मूल १९ वर्षांच्या आंतील असावें, पण तें वर्षांतील निदान पांच महिने पूर्ण वेळ शिकत असेल तर ही मर्यादा २४ पर्यंत जाते. तिसरी वास्तव्याची: मुलानें अर्ध्या वर्षाहून अधिक काळ त्या पालकाच्या घरीं राहिलेलें असावें. चौथी पोषणाची: मुलानें स्वतःच्या पोषणाचा अर्ध्याहून अधिक भार स्वतः उचललेला नसावा. येथें एक बारकावा आहे. विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्ति या हिशेबांत धरीत नाहींत. पण त्यानें स्वतःच्या नांवावर काढलेलें कर्ज मात्र त्याचाच पैसा समजतात. पांचवी कसोटी विवाहित मुलांपुरती आहे: मुलानें आपल्या जोडीदाराबरोबर संयुक्त पत्रक भरलेलें नसावें, केवळ कापून गेलेला कर परत मागण्यासाठीं भरलें असेल तर गोष्ट वेगळी.

या पांचांपैकीं घटस्फोटाच्या प्रकरणांत खरें वजन तिसऱ्या कसोटीचें. कॉलेजांतील मूल तर वर्षांतील आठ-नऊ महिने वसतिगृहांत असतें; मग तें राहतें कोठें? कायद्याचें उत्तर असें आहे कीं, शिक्षणासाठीं घराबाहेर असणें ही तात्पुरती गैरहजेरी होय. ज्या घरीं तें एरव्हीं राहिलें असतें, त्याच घरीं तें राहत आहे असें समजावयाचें. वरील उदाहरणांतील मुलीच्या २०२४ सालच्या ३६६ रात्रींचा हिशेब मांडला तर २३० रात्री वसतिगृहांत, ९० आईकडे आणि ४६ बापाकडे गेल्या असें धरूं. तिची खोली आईच्या घरीं आहे, हिंवाळ्याचे कपडे तेथें आहेत, तिचीं पत्रें तेथें येतात, मोटार चालविण्याच्या परवान्यावर पत्ता तोच आहे, आणि सत्र संपलें कीं ती सामान घेऊन तेथेंच येते. म्हणून वसतिगृहाच्या त्या २३० रात्री आईच्या पारड्यांत पडतात. आईच्या रात्री ३२० झाल्या. निम्म्याहून अधिक म्हणजे १८४ पुरल्या असत्या.

येथें बाप विचारील: ‘रात्री तिच्या असतील, पण तिनें तर हक्क मला लिहून दिला आहे. त्या कागदाचें काय?’ हाच या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. तो फॉर्म ज्या खास कलमाच्या जोरावर चालतो, त्या कलमाची एक अटच अशी आहे कीं, मूल अर्ध्या वर्षाहून अधिक काळ आईच्या, बापाच्या किंवा दोघांच्या मिळून ताब्यांत असलें पाहिजे. ताबा हा अज्ञान मुलाचा असतो. सज्ञान माणूस कोणाच्याच ताब्यांत नसतो. राज्याच्या कायद्याप्रमाणें मूल सज्ञान झालें कीं ताबा संपला; ताबा संपला कीं तें कलम लागू होत नाहीं; आणि कलम लागू होत नसेल तर फॉर्मवरील सहीला अर्थ उरत नाहीं. बहुतेक राज्यांत हें वय १८ आहे. आलाबामा व नेब्रास्का या राज्यांत तें १९ आणि मिसिसिपीमध्यें २१ आहे.

ज्या वर्षीं मूल सज्ञान होतें त्या वर्षाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. कर-खात्यानें लोकांसाठीं काढलेल्या ५०१ क्रमांकाच्या पुस्तिकेंत दोन उदाहरणें दिलीं आहेत. एक मुलगा मे महिन्यांत सज्ञान झाला. त्या वर्षीं तो अर्ध्याहून कमी काळ ताब्यांत होता. तेव्हां खास कलम त्या वर्षापासूनच बंद. दुसरी मुलगी १ ऑगस्टला सज्ञान झाली. ती अर्ध्याहून अधिक काळ ताब्यांत होती, म्हणून त्या एका वर्षापुरतें कलम चालतें. पण रात्री मोजावयाच्या त्या १ ऑगस्टपूर्वींच्याच. म्हणजे जन्मतारीख उन्हाळ्याच्या अलीकडे पडली कीं पलीकडे, यावर एका वर्षाचा हक्क फिरतो.

आपल्या उदाहरणांतील मुलगी मे २०२३ मध्यें अठरा वर्षांची झाली. त्याच दिवशीं बापाच्या खणांतील कागद निर्जीव झाला. परंतु २०२३ हें विषम वर्ष. त्या वर्षीं नांव आईनेंच लिहावयाचें होतें, आणि तिनें तें लिहिलें. म्हणून कागद निर्जीव झाल्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तें ध्यानांत आलें पुढच्या वर्षीं, यंत्रानें पत्रक परत फिरविलें तेव्हां.

मग कोर्टाचा हुकूमनामा? त्याची पाळी त्याहून वाईट. संयुक्त संस्थानांत घटस्फोट देतें राज्याचें कोर्ट आणि प्राप्तीवरील हा कर वसूल करतें मध्यवर्ती सरकार. राज्याच्या कोर्टानें आईबापांवर घातलेलें बंधन मध्यवर्ती कर-खात्यावर पडत नाहीं. मूल अज्ञान असतांनासुद्धां २००८ नंतरच्या हुकूमनाम्याचीं पानें जोडून ८३३२ फॉर्मचें काम भागत नाहीं. खात्याला सही त्या फॉर्मवर किंवा केवळ त्याच कामासाठीं केलेल्या तशाच आशयाच्या कागदावर लागते. मात्र याचा अर्थ हुकूमनामा म्हणजे रद्दी, असाही नव्हे. आईनें हुकूमनामा मोडला असें कोर्टास वाटलें तर तें तिला जाब विचारूं शकतें, आणि अवमानाबद्दल दोषीही धरूं शकतें. म्हणजे एकाच कृत्यांत आई कर-खात्यापुढें बरोबर आणि कोर्टापुढें गुन्हेगार ठरण्याची शक्यता असते! म्हणून अशा प्रसंगीं ‘कायदा माझ्या बाजूला आहे’ असें कोणीही फार मोठ्यानें म्हणूं नये. कायदे दोन आहेत.

आतां या भांडणांत पैसा किती आहे तें पाहूं. पूर्वीं आश्रितामागें उत्पन्नांतून एक ठराविक रक्कम वजा होत असे. २०१७ सालीं ती ४,०५० डॉलर होती. २०१८ पासून ती वजावट शून्यावर आणली गेली आणि २०२५ च्या कायद्यानें ती स्थिति कायम केली. सतरा वर्षांखालील मुलांसाठीं जी मोठी सूट आहे ती कॉलेजांतील मुलाला लागू नाहीं. त्याच्यामागें ५०० डॉलरांची सूट मिळते. सूट आणि वजावट यांतला फरक येथें सांगावयास हवा. वजावट उत्पन्नांतून होते. सूट थेट करांतून होते, म्हणून सुटीचा एक डॉलर हा पुरा एक डॉलर असतो.

खरा ऐवज आहे तो शिक्षणाच्या सुटींत. ‘अमेरिकन ऑपर्च्युनिटी’ या नांवाची ही सूट पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठीं मिळते. फी व पुस्तकें यांवरील पहिले २,००० डॉलर पूर्ण आणि पुढील २,००० डॉलरांचा चौथा हिस्सा, असे मिळून वर्षाला जास्तींत जास्त २,५०० डॉलर. जेवणाखाणाचा आणि खोलीच्या भाड्याचा खर्च यांत धरीत नाहींत. कर मुळींच देणें नसला तरी या सुटीपैकीं १,००० डॉलरपर्यंत रक्कम रोख परत मिळूं शकते. एकट्या माणसाचें उत्पन्न ८०,००० डॉलरांच्या वर गेलें कीं ही सूट उतरत जाते आणि ९०,००० ला संपते. आणि ही सूट मिळते कोणाला? ज्याच्या पत्रकांत विद्यार्थ्याचें नांव आश्रित म्हणून असेल त्यालाच. फी कोणीं भरली हें पहात नाहींत. बापानें, आजोबांनीं किंवा मामानें फी भरली तरी ती प्रथम विद्यार्थ्यानेंच भरली असें समजतात, आणि विद्यार्थ्यानें भरलेली फी त्याचें नांव लिहिणाऱ्या पालकानें भरली असें समजतात. म्हणून आपल्या उदाहरणांत पावत्या बापाच्या आणि सूट आईची! दोन्ही सुटी मिळून वर्षाला ३,००० डॉलर. चार वर्षांचे १२,००० डॉलर. बापाचा संताप समजण्यासारखा आहे.

याशिवाय ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून पत्रक भरण्याचा एक लाभ आहे. २०२४ सालीं एकट्या माणसाची ठराविक वजावट १४,६०० डॉलर होती, तर कुटुंबप्रमुखाची २१,९०० डॉलर होती. जिच्या घरीं मूल राहतें आणि जी घराचा निम्म्याहून अधिक खर्च चालविते, त्या आईला हा लाभ मिळतो. तो पूर्वींही सहीनें दुसऱ्यास देतां येत नव्हता, आतांही येत नाहीं.

मग बापाला कधींच कांहीं मिळावयाचें नाहीं काय? तसेंही नाहीं. मुलगी सज्ञान झाल्यावर तिचें घर ठरविण्याचा अधिकार कोर्टाकडे रहात नाहीं. कॉलेजजवळ बापाचें घर आहे म्हणून किंवा तिला आवडतें म्हणून ती खरोखर तिकडे राहूं लागली आणि वर्षाच्या निम्म्याहून अधिक रात्री त्या घराच्या झाल्या, तर हुकूमनाम्यांत कांहींही असो, नांव बाप लिहूं शकतो. त्याला कोणाच्याही सहीची गरज नाहीं. आणि तिनें वसतिगृह सोडून बारमहा स्वतंत्र बिऱ्हाड केलें, आईकडे व बापाकडे ती केवळ पाहुणी म्हणून जाऊं लागली, तर ती दोघांचेंही ‘पात्र मूल’ राहत नाहीं. तेव्हां ‘पात्र नातलग’ हा दुसरा दरवाजा उघडतो. त्याच्या अटी निराळ्या. मुलीचें स्वतःचें उत्पन्न अगदीं थोडें असावें, २०२४ सालीं ही मर्यादा ५,०५० डॉलर होती. आणि तिच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च त्या एका पालकानें केलेला असावा. म्हणजे येथें पुन्हां तें जुनें पैशाचें माप परत येतें. दोघांपैकीं कोणाचाच वांटा निम्म्याहून अधिक नसेल, पण दोघांचा मिळून असेल, तर दहा टक्क्यांहून अधिक वांटा उचलणाऱ्या एका पालकानें लेखी संमति देऊन दुसऱ्यास नांव लिहूं द्यावें अशीही सोय आहे. त्यासाठीं २१२० क्रमांकाचा वेगळा फॉर्म आहे.

परदेशांतील मराठी कुटुंबांनीं आणखी एक अट विसरूं नये. आश्रित व्यक्ति अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असावी लागते; कॅनडा आणि मेक्सिको येथील रहिवाशांनाही ही मुभा आहे, हिंदुस्थानांतील रहिवाशांना नाहीं. घटस्फोटानंतर आई मुलाला घेऊन पुण्यास परत आली, मूल येथेंच कॉलेजांत आहे आणि तें अमेरिकन नागरिक नाहीं, तर तिकडून बाप कितीही डॉलर पाठवीत असला तरी त्याच्या पत्रकांत त्या मुलाचें नांव येऊं शकत नाहीं.

दोघांनींही एकच नांव लिहिलें तर पुढें काय होतें? कर-खातें दोघांना एक नोटीस पाठवितें. तिचा मजकूर साधारण असा असतो कीं, या आश्रिताचें नांव दोन पत्रकांत आलें आहे. ज्याची चूक असेल त्यानें पत्रक दुरुस्त करावें, ज्याची नसेल त्यानें कांहीं करूं नये. दोघेही गप्प राहिले म्हणजे तपासणी. मग कॉलेजचे कागद, डॉक्टरचे कागद, पत्ता दाखविणारे कागद मागविले जातात, आणि ज्याचा हक्क नव्हता त्याला कर व्याजासह भरावा लागतो. कित्येकदां तिसरीच अडचण निघते. सुटींत केलेल्या नोकरीचा कर परत मिळावा म्हणून मुलगी स्वतःच एक पत्रक भरून मोकळी होते, आणि ‘दुसरें कोणी तुम्हांस आश्रित म्हणून दाखवूं शकतें काय?’ या प्रश्नापुढें खूण करावयास विसरते. त्या एका विसरलेल्या खुणेमुळें आईचेंही पत्रक अडून बसतें.

याच्याच जोडीला कॉलेजच्या मदतीचा अर्ज येतो आणि पुष्कळांचा गोंधळ वाढवितो. सरकारी मदतीसाठीं ‘फॅफ्सा’ नांवाचा अर्ज भरावा लागतो. त्यांतही ‘आश्रित’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ निराळा. पूर्वीं ज्या पालकाजवळ मूल अधिक काळ राही, त्याचें उत्पन्न या अर्जांत दाखवावें लागे. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून नियम बदलला, आणि मागील बारा महिन्यांत ज्या पालकानें अधिक आर्थिक आधार दिला असेल त्याचें उत्पन्न दाखवावें लागूं लागलें. म्हणून कर-खात्याच्या दृष्टीनें मुलगी आईच्या पदरीं आणि मदतीच्या अर्जाच्या दृष्टीनें बापाच्या पदरीं, असा प्रकार होऊं शकतो. त्यांत विसंगति कांहीं नाहीं. एक कायदा घर पाहतो, दुसरा पैसा पाहतो.

फी देण्याचें बंधन हाही प्रत्येक राज्याचा वेगळा विषय आहे. न्यू जर्सीच्या वरिष्ठ कोर्टानें १९८२ सालीं ‘न्यूबर्ग विरुद्ध आरीगो’ या खटल्यांत असें ठरविलें कीं, योग्य परिस्थितींत कॉलेजचा खर्च हा पालकाच्या कर्तव्याचा भाग होऊं शकतो. उलट पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ कोर्टानें १९९५ सालीं ‘कर्टिस विरुद्ध क्लाइन’ या खटल्यांत घटस्फोटित आईबापांवरच असें बंधन घालणारा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द केला. त्यांचें म्हणणें असें कीं, एकत्र राहणाऱ्या आईबापांवर जें बंधन नाहीं तें विभक्त झालेल्यांवर कां असावें? कॉलेजची फी हा अशा रीतीनें कोठें हक्क आहे, तर कोठें केवळ बापाची माया आहे. जेथें ती केवळ माया आहे, तेथें ३,००० डॉलरांच्या भांडणानें ती आटण्याची भीति अधिक.

यावर उपाय काय? हक्क सहीनें देतां येत नाहीं हें खरें. पण पैसा देतां येतो. मुलीचें नांव आईच्याच पत्रकांत राहणार हें दोघांनीं मान्य केलें, आणि बाप फी भरतो आहे हेंही मान्य केलें, म्हणजे उरला केवळ हिशेब. सुटीचे जे पैसे आईला मिळतील त्यांचा ठरलेला भाग तिनें बापास द्यावा, किंवा तेवढ्या रकमेनें त्याचा फीचा वांटा कमी करावा. आईचें उत्पन्न ९०,००० डॉलरांच्या वर असेल तर तिला ही शिक्षणाची सूट मिळणारच नाहीं. अशा वेळीं ती मुलीचें नांव न लिहितां सोडून देऊं शकते, आणि मग शिक्षणाची सूट मुलगी स्वतःच्या करापुरती स्वतः घेऊं शकते. जे आतां घटस्फोटाचा करार लिहीत असतील त्यांनीं तर ‘सम वर्षीं बाप, विषम वर्षीं आई’ एवढ्यावर थांबूं नये. मूल सज्ञान झाल्यानंतर काय, याचें एक वेगळें वाक्य करारांत असावें, आणि तें नांवाविषयीं नसून रकमेविषयीं असावें. दहा वर्षांच्या मुलीचा करार लिहितांना ती कधीं अठरा वर्षांची होईल हें कोणाच्या मनांत येत नाहीं. पण ती होते.

उदाहरणांतील बापाला हें सर्व त्याच्या सल्लागारानें समजावून सांगितलें असें समजा. त्यानें मुलीचें नांव काढून पत्रक पुन्हां पाठविलें. आईनेंही सुटीच्या रकमेंतील अर्धा भाग पुढच्या सत्राच्या फीसाठीं वेगळा काढला. हें कोणत्याही कलमांत लिहिलेलें नाहीं; तें दोघांनीं ठरविलें म्हणून झालें.

कायद्यानें या विषयांत शंभर वर्षें निरनिराळीं मापें लावून पाहिलीं. प्रथम पैसे मोजले, मग ताबा पाहिला, मग रात्री मोजल्या. मूल सज्ञान झाल्यावर मात्र त्या सर्व हिशेबाखालीं एकच प्रश्न उरतो. सत्र संपल्यावर हातांत पेटी घेऊन मुलगी कोणत्या दाराशीं येते? त्याचें उत्तर कोर्ट देऊं शकत नाहीं, कर-खातेंही देऊं शकत नाहीं; तें मुलगीच देते. त्या दाराबाहेर ३,००० डॉलरांसाठीं दोन माणसें भांडत उभीं असलीं, तर एखाद्या वर्षीं ती दोहोंपैकीं कोणत्याच दाराशीं न येतां मैत्रिणीच्या घरीं सुटी काढील. मग रात्री मोजावयास उरणार नाहींत, आणि ज्यांनीं त्या मोजावयाच्या त्यांच्या घरीं तिची खोली तेवढी उरेल.